सागाची पालवी आणि तिसरी पट्टी

सागाला पालवी फुटायला लागली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मे महिन्यात लोकांना उन्हाचा त्रास होतो, मला पालवीचा होतो. वाशीमहून निघालेली एसटी मालेगाव सोडून मेडशीच्या रस्त्याला लागते, आधी नुसती राखाडी, उघडी झाडं दिसतात, खाली पाचोळा दिसतो, आणि मग एखाद्या फांदीच्या टोकाला दोन तांबूस पानं दिसतात, जोडीनं, समोरासमोर. काल नव्हती, आज आहेत. शेजारचा माणूस ओला रुमाल डोक्यावर घेऊन डुलक्या काढत असतो आणि मी खिडकीचा दांडा धरून बघत असते, इथे आली, इथे आली, तिथे अजून नाही. खरं तर आता बघायचं काही कारण उरलेलं नाही. पीएच.डी. झाली, पानांची पाकिटं आणि फांदी वाकवायची आकडी घेऊन रानात हिंडायचे दिवस गेले. तरी पालवी दिसली की पेपरला उशीर झाल्यासारखं वाटतं.

यंदा पालवीच्या जोडीला एक ईमेल आला. माझा शोधनिबंध छापायला निघाला आहे, शेवटचं प्रूफ तपासून पाच दिवसांत परत पाठवा, असा. विषय माझा नेहमीचाच: डीएनए मार्कर वापरून आपल्या भागातल्या सागांमध्ये किती वेगळेपण शिल्लक आहे ते बघणं. प्रूफ देखणं आहे. वर माझं नाव, त्यापुढे माझ्या मार्गदर्शक सरांचं. चौथ्या पानावर एक वाक्य आहे. इंग्रजीत ते फार सभ्य दिसतं. मराठीत उतरवलं तर एवढंच होतं, की मदतनिसाने सूचना न पाळल्यामुळे दहा झाडांचे नमुने पुढच्या वर्षी पुन्हा गोळा करावे लागले.

मदतनीस म्हणजे मेडशीची कमलमावशी. आणि ती सूचना मी तिला कधी दिलीच नव्हती. ते वाक्य खोटं आहे, माझ्या हातचं आहे, आणि पाच दिवसांनी ते कायमचं छापलं जाणार आहे.

दोन दिवस तर मी नुसतं प्रूफ उघडून बंद करण्यात घालवले.

माझे अब्बा वाशीमला फर्निचर करतात. दुकान म्हणजे पुढे दोन तयार कपाटं आणि मागे भुश्शाचा ढीग. रंधा चालला की सागाचा जो वास सुटतो, तो आमच्या घरच्या गाद्यांना, कपड्यांना, माझ्या वह्यांनासुद्धा यायचा. अब्बा फळीवरून अंगठा फिरवून सांगायचे, हा रानातला, हा लागवडीतला. कसं ओळखलं विचारलं तर हसायचे. त्यांचं ते हसणं मला नागपूरच्या प्रयोगशाळेपर्यंत घेऊन गेलं असं मी मुलाखतीत सांगितलं होतं, आणि ते बरंचसं खरंही होतं. मला खात्रीनं कळायला हवं होतं. अब्बांचा अंगठा कुणाला दाखवता येत नाही, जेलच्या पातळ थरावर उमटलेली डीएनएची पट्टी दाखवता येते.

मार्कर म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा धड समजावून सांगितलं ते कमलमावशीला, झाडाखाली बसून, तिच्या डब्यातली भाकर खाता खाता. पन्नाशीची बाई, काटक, नऊवारीचा काचा मारलेला, पायात टायरची चप्पल. लहानपणापासून ती तेंदूपत्ता तोडायला रानात जाते, त्यामुळे कुठल्या नाल्याकाठी कुठलं झाड हे तिला पाठ. मी म्हटलं, मावशी, झाडाच्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब मजकूर असतो. त्यात काही जागा अशा, की तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कुठल्या झाडात दहा वेळा, कुठल्या झाडात चौदा वेळा. त्या जागा आम्ही शोधतो. प्रत्येक जागेच्या दोन पट्ट्या दिसतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही सारख्या असल्या तर एकच दिसते. दोनाच्या वर मात्र नाही.

मावशीनं घास थांबवला. "म्हंजे तू झाडाईची सोयरीक पाह्यतं?"

"तसंच समज."

"अन् हे पाहून काय करतं?"

मी सांगितलं, की रानातली झाडं वेगवेगळ्या घराण्यांची असली तर एखादी कीड, एखादा रोग आला तरी काही तगतात. सगळी एकाच घरची झाली तर सगळी एकदम जातात. म्हणून आधी कळायला पाहिजे, किती घराणी उरली आहेत.

"हे बाकी खरं हाय," मावशी म्हणाली आणि वर झाडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माह्यं नाव येईन काय तुह्या पुस्तकात?" मी म्हटलं, येईल की. किती सहज म्हटलं.

त्या पहिल्या पालवीच्या दिवसांची आठवण काढली की आधी हात आठवतात. सागाचं कोवळं पान चुरलं की तळवे लालभडक होतात, साबणानं घासले तरी चार दिवस निघत नाही. डीएनएसाठी कोवळंच पान लागतं. ते जून झालं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत होतं आणि प्रयोगशाळेत त्याचा नुसता तपकिरी चिकटा निघतो. पालवीचे जेमतेम दोन-तीन आठवडे हातात असतात. चुकले तर सरळ पुढचं वर्ष. म्हणून आम्ही उजाडायच्या आत निघायचो. मावशी वेळूला बांधलेल्या आकडीनं फांदी वाकवायची, मी पानं खुडायची, पाकिटात घालायची, वर नंबर. पाकिटात आधीच ओल शोषणारे निळे खडे भरलेले असायचे, ते ओल धरली की गुलाबी होतात. एक झाड, एक पाकीट. बुंध्यावर चुन्याचा पट्टा आणि तोच नंबर. मावशी शाळेत गेली नव्हती पण आकडे तिला वाचता यायचे, तेंदूच्या फडीवर मुनशीला पुडकी मोजून देताना ते शिकावेच लागतात.

नऊ वाजता ऊन चटके द्यायला लागायचं. पळसाच्या सावलीला बसून मी पाकिटं चार-चारदा मोजायचे आणि मावशी मला हसायची. "काहून इतली घाबरून राह्यली? पानं कोठी पळून जातेत काय?"

शेवटची दहा झाडं उरली होती. आदल्या दिवशी आम्ही ती हेरून, चुना लावून, नंबर टाकून आलो होतो. संध्याकाळी घरून फोन आला. मला बघायला परभणीहून पाहुणे येणार, उद्याच, कारण मुलाची सुट्टी परवा संपते. अम्मी म्हणाली, एक दिवसानं काय आभाळ कोसळतं का? सरांना विचारायची माझी हिंमत नव्हती. फिल्डवर्क सोडून स्थळासाठी घरी गेले म्हटल्यावर ते काय म्हणतील, ते मला ऐकूच येत होतं. मी सकाळी दहा पाकिटं मावशीच्या हातात दिली. एसटी समोर येऊन उभी होती, कंडक्टर दार आपटत होता.

"जाय तू," मावशी म्हणाली, "मी आणतो पानं. झाडं तं पाह्यलेलेच हायेत."

मी पाकिटांवरचे नंबर दाखवले. बाकी काही सांगितलं नाही. पाकीट एकदा बंद केलं की उघडायचं नाही, एका पाकिटातलं पान दुसऱ्यात जाता कामा नये, हे मी वर्षभर इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, की ते सगळ्या जगाला माहीत असेल असं मला वाटत होतं.

पाहुण्यांपुढे मी शरबत घेऊन गेले तेव्हा मुलाच्या आईनं माझे हात धरले. "मेहंदी? अभी से?" मी म्हटलं, सागाची पानं आहेत. त्या बाईंनी हात सोडून दिले. त्यांचा निरोप कधी आला नाही, आणि खरं सांगायचं तर मी वाटही बघितली नाही. माझं सगळं लक्ष मेडशीत होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पोचले तर मावशीच्या ओसरीत दहा पाकिटं ओळीनं ठेवलेली, एकेक तोलून भरल्यासारखी. माझा जीव भांड्यात पडला. वहीत मी दहाही झाडांपुढे तारीख घातली, पाहुण्यांच्या दिवसाची, आणि संकलन या रकान्यात लिहिलं, स्वतः.

एक शब्द. लिहिताना पेनसुद्धा अडखळलं नाही.

हिवाळ्यात प्रयोगशाळेत त्या दहांची पाळी आली. पाकिटातल्या दोन-तीन पानांचे बारीक तुकडे घ्यायचे, कुटायचे, डीएनए काढायचा, यंत्रात त्याच्या प्रती वाढवायच्या, जेलवर चालवायच्या. बाकी झाडांच्या पट्ट्या शहाण्यासारख्या आल्या होत्या, एक किंवा दोन. या दहांतल्या पहिल्याच झाडाला तीन आल्या. मला वाटलं माझा हात चुकला. पुन्हा केलं. तीन. दुसऱ्या झाडाला चार. मी खुर्चीत बसले आणि पट्ट्या पुन्हा मोजल्या. झाडाला तीन आई-बाप नसतात. याचा अर्थ एकच, पाकिटात एकापेक्षा जास्त झाडं आहेत. आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. मेसमध्ये ताटावर बसायचे आणि उठायचे. फेलोशिपचे किती महिने उरले ते बोटांवर मोजायचे. मग एक दिवस सुट्टी टाकून मेडशी गाठली.

तुरी शेंगांवर आल्या होत्या. मावशी अंगणात शेंगा सोलत बसली होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला विषय काढता येईना. शेवटी म्हटलं, मावशी, त्या दिवशी पानं कशी भरली होती गं?

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि तोंड भरून सांगायला लागली. "झाडावरून तं जशी आली तशी भरली व्हती म्या, नंबर पाहून. घरी येऊन पाह्यतो तं काही पानं किड्यानं खाल्लेले, कोठी मोठे, कोठी बारके. म्हटलं, पोरगी एवढ्या मोठ्या साह्यबाले दाखवीन, तिची इज्जत जाईन. मंग सारे पाकिटं सोडले. खाल्लेले पानं फेकून देल्ले, अन् सारके पाहून पाच पाच लावले. तेंदूचं पुडकं असंच लावा लागते. माह्यं पुडकं मुनशीनं कधी वापस नाही केलं." आणि मग, थोडी थांबून, "बरोबर झालं ना पोरी?"

"हो मावशी," मी म्हटलं. "बरोबर झालं."

उभ्या आयुष्यात तिला एकच गोष्ट शिकवली गेली होती, की पान पानासारखं दिसलं पाहिजे. आणि मी नेमकी उलटी गोष्ट शोधत होते. हे एका वाक्यात सांगता आलं असतं, एसटी उभी होती तेव्हासुद्धा. परतीच्या गाडीत मला रडू आलं, पण ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्या गेलेल्या वर्षासाठी होतं. हे लिहिताना लाज वाटते.

सरांपुढे उभी राहिले की माझी भाषा इस्त्री केल्यासारखी होते. मी म्हटलं, सर, पाकिटं मदतनीस बाईंनी रात्रभर घरी ठेवली होती. त्यांनी उघडून पानं एकत्र केली.

सर म्हणाले, "तू सांगितलं नव्हतंस?"

खरं बोलायला तेवढीच जागा होती. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, पाकिटं तिच्या घरी का होती, तू कुठे होतीस. मग वही निघाली असती. मग तो 'स्वतः' निघाला असता, आणि एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या सगळ्या नोंदींवर संशय येतो. मी म्हटलं, "सांगितलं होतं, सर. दोनदा."

दोनदा कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या पालवीला सर स्वतः आले. जीप रस्त्याला लावून आम्ही आत गेलो, बरोबर वनरक्षक, दोन नवे विद्यार्थी, आणि आकडी खांद्यावर टाकलेली कमलमावशी. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, मोठे साहेब येणार म्हणून. पहिल्या झाडाखाली सर थांबले. सर वाईट माणूस नाहीत, त्यांना माझी कळकळ होती. म्हणाले, "बाई, पाकिटं उघडू नका म्हणून तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तरी उघडलीत. या मुलीचं एक वर्ष वाया गेलं. सांगितलेलं ऐकायला काय होतं तुम्हाला?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपल्याला विसर पडला की काय, असं. मला तेव्हा बुटाची नाडी बांधायची होती. मी खाली वाकले आणि ती सुटलेली नसताना सोडून पुन्हा बांधली. वर बघितलं तेव्हा मावशी म्हणत होती, "चुकलं साह्यब. माह्या ध्यानात नसन राह्यलं."

त्या दिवशी तिनं सगळ्या फांद्या वाकवल्या, पण एका पानाला हात लावला नाही. नवे विद्यार्थी खुडत होते. चेष्टेत एकानं तिला म्हटलं, मावशी, पाकिटापासून लांब राहा बरं का. वनरक्षक मोठ्यानं हसला. कोवळ्या पानांचा वास चहूकडे भरून राहिला होता आणि मी पाकिटांवर नंबर टाकत होते.

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेची माणसं मेडशीला गेली, बिया गोळा करायला गेली, झाडं मोजायला गेली. कमलमावशीला कुणी बोलावलं नाही. "पाकिटं उघडणारी ना ती?" असं म्हणून दुसरी बाई बघायचे. मी त्या खोलीत असायचे. माझा प्रबंध झाला. आभाराच्या पानावर सर, अब्बा, अम्मी, मैत्रिणी. मावशीचं नाव तिथे घातलं असतं तर तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारलं असतं, हीच का ती? म्हणून घातलं नाही. तिचा उल्लेख प्रबंधात एकाच ठिकाणी आहे, नाव नसलेला, चूक म्हणून. तेच वाक्य आता प्रूफात आलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी अब्बांना सगळं सांगितलं. ते दाराच्या चौकटीला भोक पाडत होते. गिरमिट थांबवून त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी भुस्सा फुंकला आणि म्हणाले, "अब छप रहा है तो छपने दे, बेटा. अगले महीने तेरा इंटरव्ह्यू है. सर की चिठ्ठी लगेगी ना?" त्यांचं चुकत नव्हतं. ती शिफारशीची चिठ्ठी लागणारच होती. म्हणजे बोलले तर नोकरी जाईल, कदाचित पदवीलाही कुणी हात घालील. नाही बोलले तर काहीच होणार नाही. हेच मला जास्त भिववत होतं, की काहीच होणार नाही.

आज चौथा दिवस. सकाळच्या गाडीनं मेडशीला आले. मावशी घरी नव्हती. सून म्हणाली, पाटलाच्या वावरात धसकटं वेचायला गेल्या. वावर रस्त्याला लागूनच आहे. पाच-सहा बाया वाकून मागच्या पिकाची खुंटं उपटत होत्या, पलीकडच्या बांधावर सागाची चार झाडं, टोकांना पालवी. मावशीनं मला ओळखलं, कमरेवर हात ठेवून सरळ झाली. दोन वर्षांत ती बरीच वाळली आहे.

"कायले आली एवढ्या उन्हात?"

मी पाठ करून आलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मावशी, पाकिटं उघडू नको असं म्या तुले सांगतलंच नव्हतं. मी वाशीमले गेलती. सराईले खोटं सांगतलं म्या."

तिनं हातातलं धसकट ढिगावर टाकलं. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्या लय डोकं खाजवलं त्या साली. म्हटलं, आपल्याले आयकू कमी येऊन राह्यलं काय. सुनेले विचारलं, मी भुलतो काय गं."

"मावशी..."

"म्हंजे त्या साह्यबानं चार लोकात मले जे म्हटलं, ते तुह्या वाट्याचं व्हतं?"

"हो."

बाकीच्या बाया काम थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी तिचे हात धरायला गेले तर तिनं ते मागे घेतले, मातीचे होते म्हणून की आणखी कशानं, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, मला माफ कर. मी म्हटलं, छापून येतंय, उद्यापर्यंत वेळ आहे, मी ते वाक्य बदलते. तिनं ऐकून घेतलं, एखाद्या पोराचे पाढे ऐकावेत तसं, संपेपर्यंत.

"मले सांगून काय व्हते?" ती म्हणाली. "मले तं आता माहीत झालं. ज्याईले माहीत नाही त्याईले सांग."

"सांगीन ना. आज घरी गेली का..."

"घरी कायले? फोन हाय ना तुह्याजवळ?"

बांधावर सागाखाली नेटवर्कच्या दोन रेघा येतात. मी सरांचा नंबर लावला. दोनदा चुकीच्या नावावर बोट पडलं. मावशी समोर येऊन उभी राहिली.

"मोठ्यानं कर तो," ती म्हणाली. "मले आयकू दे."

मी आवाज बाहेर सोडला. तीन वेळा वाजला. मग सरांचा नेहमीचा, घाईतला, मायेचा आवाज त्या मोकळ्या वावरात आला. "बोल रेहाना. प्रूफ झालं का वाचून? चौथ्या पानापर्यंत तरी ठीक आहे बघ सगळं."

"सर," मी म्हटलं, "कमलबाईंना मी काही सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी रानात नव्हते."

मी पुढे म्हटलं, "चौथ्या पानावरचं ते वाक्य खोटं आहे, ते मी बदलते आहे." मावशी फोनच्या आणखी जवळ सरकली.